भिंतीवरून समुद्रात

"वर्षा, ऐकलं ते खरं काय गो? पोरीला घेऊन मालवणात पाण्याखाली चाललीस म्हणे!"

बातमी कोणी पोचवली हे कुसुमकाकूंना विचारण्यात अर्थ नव्हता. आमच्या कॉलनीत इस्त्रीवाला कपड्यांबरोबर बातम्याही घरपोच करतो. काकूंचं माहेर मालवण. कोल्हापुरात येऊन जन्म गेला, पण मालवणचा विषय निघाला की बाईंचं 'गो' नि 'गे बाय' सुरू. दोन घरांमधल्या भिंतीला लावलेल्या खाटेवर कुरडया वाळत होत्या आणि हातात कावळे हाकायची काठी होती, म्हणजे तासाभराची निश्चिंती.

"अजून पक्कं नाही काकू. मुक्ताची नववी संपली, जूनपासून दहावीचा ससेमिरा. त्याआधी एकदा जायचंच म्हणून बसलीय. वर्गातल्या दोघीजणी जाऊन आल्या, रील टाकलं, झालं."

"आणि जायचं कोणाकडं?"

"दोन नंबर मिळालेत. एकजण आठशेत स्कूबा देतोय. व्हिडिओ फुकट, आणि थोडे वाढवले तर पॅरासेलिंग, बनाना राइड सगळंच. दुसरा नुसत्या स्कूबाचे तिप्पट सांगतोय."

"तुझा जीव पहिल्यावर जडला असणार."

"जडणारच की!"

"थांब. पहिल्यानं तुला काय काय विचारलं?"

"किती माणसं नि कधी येणार."

"आणि दुसऱ्यानं?"

"त्यानं डोकं खाल्लं हो. मुलीचं वय काय, दमा होता काय, कानाचं काही झालं होतं काय, पोहता येतं काय, तुम्हाला बीपी, शुगर काय. वर दहा प्रश्नांचा इंग्रजी फॉर्म पाठवला. म्हणाला, आधी हा भरून द्या, मग तारखेचं बघू. याला गिऱ्हाईक नको आहे असंच वाटलं मला."

"कसलंही गिऱ्हाईक नकोच आहे त्याला! म्हणून तर तोच धरायचा." काकूंनी काठी खाटेवर आडवी टाकली. "अगो, माझा भाचा हेच करतो तिथं. थोरल्या भावाचा. बापाची होडी मासेमारीची, हा डायव्हमास्टर झालाय. तो सांगतो, मे महिन्यात माणसं नुसती दर विचारतात. हवेचं विचारत नाहीत, होडीचं विचारत नाहीत, खाली हात कोण धरणार तेही विचारत नाहीत. 'आत्ये, पैसो विचारतत आनि व्हिडिओ विचारतत, बाकी कायच नाय.' तुमची एमएच झिरो नाइनची गाडी मालवणात शिरली की रस्त्यावर उभी असलेली पोरं हात करतात ना, त्यातली बरीचशी एजंट. ती तुला घेऊन जाणार आणि मोकळी असेल त्या होडीत बसवणार. फोनवर गोड बोलणारा वेगळा, पाण्यात नेणारा वेगळा. म्हणून बुकिंग करायचं ते थेट सेंटरशी."

"पण काकू, तिथं खोल असं कितीसं? पंधरा मिनिटं, चार-पाच मीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच तर नेतात."

"उथळ म्हणून सोपं, असं असतं होय?" काकू आता पुऱ्या भाच्याच्या आवाजात बोलायला लागल्या. दहा मीटरवर पाण्याचा दाब वरच्या दुप्पट होतो, पण कान मात्र दोन-तीन मीटरवरच बोंब मारायला लागतात. नाक दाबून हलकेच फुंकायचं, कान मोकळे झाले तरच आणखी खाली जायचं. दुखत असताना रेटून खाली नेलं तर पडद्याला इजा होते. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे श्वास कधी कोंडायचा नाही. खाली दाबाखाली घेतलेली हवा वर येताना फुगते. माणूस घाबरून तोंड घट्ट मिटून वर आला तर तीच हवा फुफ्फुसाला फाडू शकते, आणि त्याला दहा मीटरची खोली लागत नाही. "हे सगळं तुला होडीत बसल्यावर, इंजिनाच्या आवाजात, दोन मिनिटांत सांगणार असतील तर काय कळणार आहे? काठावर किंवा कमरेएवढ्या पाण्यात बसवून, तोंडानं श्वास घ्यायला लावून, मास्कमध्ये पाणी गेलं तर काय करायचं ते दाखवून मग नेतात की नाही, हे विचार. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा शिकवायची संस्था आहे, तिथं सरावाला तलावसुद्धा आहे. तिकडंही एक फोन लाव की."

मी मोबाइलवर तो फॉर्म उघडून भिंतीवर ठेवला. काकूंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

पहिलाच प्रश्न फुफ्फुसांचा, श्वासाचा, हृदयाचा. मी गप्प बसले. मुक्ताला लहानपणी बालदमा होता हे काकूंना माझ्यापेक्षा जास्त आठवतं. रात्री-अपरात्री रिक्षा त्यांनीच बोलावलेली.

"काय लिहिणार आहेस?"

"आता कुठे काही आहे तिला? कितीतरी वर्षांत पंप नाही. पहिल्याला मी सहज विचारलं होतं, तर तो म्हणाला, असू दे हो मॅडम, 'नाही' लिहा, सगळे तसंच लिहितात."

"असं म्हणाला?" काकूंचा आवाज इतका चढला की कावळा आपणहून उडाला. "मग संपलं त्याचं. वर्षा, दम्याचं का विचारतात ते ऐक. श्वासाची नळी आवळली तर आत हवा अडकते, आणि वर येताना ती अडकलेली हवा फुगते. आता कळलं? पोरगी बरी झाली असेल, देव करो आणि झालेलीच असो, पण ते ठरवणार डॉक्टर. होडीवाला नाही, नि तूही नाहीस. छातीच्या डॉक्टरला दाखव, लेखी घे. अंगात सर्दी असेल त्या दिवशी तर जायचंच नाही. नाक चोंदलेलं असताना कान मोकळे होत नाहीत, आणि गोळी घेऊन गेलीस तर गोळीचा असर पाण्यातच उतरायचा. पैसे बुडाले तर बुडू देत."

काकू दुसऱ्या प्रश्नाशी येऊन थांबल्या. 'माझं वय पंचेचाळीसच्या वर आहे.'

"हे तुला नाही लागू."

"...लागू आहे काकू."

"काय सांगतेस!" बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वाटत नाहीस हो. कधी झालीस?"

तेवढी बातमी आता इस्त्रीवाल्यामार्फत कॉलनीभर होणार, हे मनाशी धरून मी पुढचं वाचलं. पंचेचाळीसच्या पुढच्यांना बिडी-सिगारेट, कोलेस्टेरॉल, जवळच्या नात्यात पन्नाशीच्या आत हार्ट अ‍ॅटॅक, आणि रक्तदाब, असे उपप्रश्न आहेत. सकाळी अर्धी गोळी मी घेतेच. म्हणजे डॉक्टरांची सही मुलीला लागो न लागो, आईला लागणार.

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "सगळे पोरांचीच काळजी करतात. पाण्यात आई गडबडली तर पोरीचं काय?"

"मी असेनच की तिच्या शेजारी."

"शेजारी असून काय करशील? पोहता येत नाही तुला. पहिल्यांदाच उतरणार. खाली तू तिची आई नाहीसच, तूपण एक गिऱ्हाईकच. म्हणून विचारायचं ते हे, की तिच्याबरोबर एक नि माझ्याबरोबर एक, अशी दोन वेगळी माणसं देणार काय? एकाच माणसानं दोघींना दोन हातांत धरून नेलं आणि तू मध्येच वर यायचं म्हटलंस, तर तिला काय तिथं ठेवून येणार? कमी खोलीच्या चाचणी डाइव्हला तिकडं बहुतेक चांगले लोक एकास एकच माणूस देतात. देत नसेल तर फोन ठेवून दे."

हे मात्र मला खरंच सुचलं नव्हतं. मी मनात चित्र रंगवलं होतं ते मायलेकी हातात हात घालून माशांमधून फिरतायत, असं. तसा फोटो काढतातही म्हणे, पण प्रत्येकीच्या मागं टाकी धरून एकेक जण असतो, तो फोटोच्या चौकटीबाहेर.

"आणि खुणा शिकून घ्या आधी," काकू म्हणाल्या. "अंगठ्याला तर्जनी लावून गोल केला की ठीक आहे. अंगठा वर केला की वर न्या. तुझी मुक्ता कॅमेरा दिसला की दोन्ही अंगठे वर करते, गणपतीच्या फोटोतसुद्धा तशीच आहे. खाली तसं केलं की पाचव्या मिनिटाला तिला वर आणून ठेवतील, आणि मग म्हणेल पैसे वाया गेले."

पलीकडच्या बंगल्यातले देसाई आजोबा पेपर घेऊन बाहेर आले होते. "त्यापरीस पन्हाळ्याला जावा की. वारं खायचं, झुणका-भाकर खायची, परत यायचं. समुद्राच्या तळाला काय ठेवलंय?"

"आजोबा, प्रवाळ आहे, मासे आहेत. मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे."

"मासे थाळीत पण असतात," असं म्हणून आजोबा आत गेले.

"त्यांना सोड," काकू म्हणाल्या. "पण मासे म्हटल्यावर सांगते. ब्रेड, बिस्किटं हातात देऊन मासे गोळा करणारे असतात, व्हिडिओ भरगच्च दिसावा म्हणून. माशांना ते बरं नाही, प्रवाळालाही नाही. प्रवाळावर पाय देऊन उभं करणारा तर नकोच नको. भाचा याच गोष्टीवरून भांडण करून एका होडीवरचं काम सोडून आला. अशांची हत्यारंही तशीच असतात."

हत्यारं म्हणजे सामान. त्याची तपासणी काकूंनी अशी सांगितली की भाच्यानं त्यांना कधीतरी समोर बसवून दाखवलं असणार. टाकीच्या खांद्यावर धातूत ठोकलेली तपासणीची तारीख असते, ती बघायची. रंगाखाली दडली असेल तर विचारायची. तोंडातल्या नळीशिवाय आणखी एक जादा तोंडाची नळी, बहुधा पिवळी, टाकीला लोंबत असली पाहिजे, म्हणजे पहिलीनं दगा दिला तर दुसरी. हवा किती उरली ते दाखवणारा काटा हवा. आणि वर असतानाच दोन श्वास घेऊन बघायचे. तेलकट किंवा धुराचा वास आला तर टाकी भरणारा कॉम्प्रेसर धड नाही. मग बोलायचं नाही, उतरायचं नाही. होडीवर ऑक्सिजनचं नळकांडं आहे काय, तेही विचारायचं. "ह्या प्रश्नाला जो हसतो ना, त्याला नमस्कार करून यायचं."

"आणि सर्टिफिकेट? पहिला म्हणत होता सर्टिफिकेट पण देतो."

"ते भिंतीवर लावायला. पंधरा मिनिटं हात धरून फिरवलं म्हणून कोणी पाणबुडा होत नाही. सर्टिफिकेट बघायचं ते त्याचं. पॅडी नाहीतर एसएसआय असल्या डायव्हिंग संस्थेचं कार्ड असतं, त्यावर नंबर असतो, तो ऑनलाइन तपासता येतो. मुक्ताला खरंच गोडी लागली तर पुढच्या वर्षी दहावी झाल्यावर रीतसर कोर्स करू दे. तीन-चार दिवसांचा असतो, दोनशे मीटर पोहून दाखवावं लागतं, दहा मिनिटं तरंगावं लागतं."

मुक्ता अंबाई टँकवर पोहायला शिकलीय, तिला ते जड नाही. दहाव्या वर्षापासून हा कोर्स करता येतो. चौदापर्यंत ज्युनियर धरतात आणि सोबत प्रमाणपत्र असलेला मोठा माणूस लागतो. पंधरा पूर्ण झाली की ती अट जाते. म्हणजे पुढच्या वर्षी तिला माझी गरजच नाही. हे तिला अजून मी सांगितलेलं नाही.

माझ्या पुण्याच्या नणंदेनं त्यापेक्षा अंदमानला चला असं सुचवलंय. पाणी निळंशार, स्वराजद्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, शिकवणारे चांगले, आणि काही झालंच तर दाबाच्या खोलीचा उपचार श्रीविजयपुरमला, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरला, नौदलाच्या दवाखान्यात. सगळं खरं. पण कोल्हापुरातून तिथवरच्या दोघींच्या तिकिटांत मालवणला सहकुटुंब आठवडाभर सुरमई खाऊन होईल, आणि पोरीला पाण्याखाली आवडतं की गुदमरतं हेच अजून माहीत नाही. गोव्यात ग्रँड आयलंडला नेतात, मुरुडेश्वरहून नेत्राणीला नेतात, तेही आधी एकदा जवळपास बघितल्यावर. काकूंचंही तेच मत. फक्त त्या मत दिल्यासारखं बोलत नाहीत, निकाल दिल्यासारखं बोलतात.

"होडीचं राहिलं गो," काठी परत हातात घेत त्या म्हणाल्या. आवाज जरा खाली आला. "2022 च्या मे महिन्यात तारकर्लीला बोट उलटली ती आठवते? स्कूबा करून परत येताना. दोघं गेली. पाण्याखाली काही झालं नाही, काठ दिसत असताना झालं. आपण खालच्याच गोष्टी विचारत बसतो. होडीवर किती माणसांचा परवाना लिहिलाय, किती भरतायत, मेरिटाइम बोर्डाचा कागद आहे काय, लाइफ जॅकेट येता-जाता अंगावर बांधलेलं असतं की बसायच्या फळीखाली कोंबलेलं, हे बघ. ओल्या अंगानं परत येताना माणसं आधी जॅकेट काढतात. तू काढायचं नाहीस."

मी मान डोलावली.

"आणि मेच्या शेवटी जाऊ नकोस. तेव्हा समुद्राला वारा लागतो, खालचं काही दिसत नाही, आणि नंतर ऑगस्ट संपेपर्यंत सगळं बंदच. पाणी खरं स्वच्छ हिवाळ्यात. पण तुझी शाळेची सुटी आत्ताच, तर निदान तिथी बघून जा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. पाणी जोरात आत-बाहेर होतं, गाळ उठतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी शांत. सकाळची पहिली फेरी घे, वारा उठायच्या आत."

मी कालनिर्णय आणायला आत गेले. परत आले तर काकू खालच्या आवाजात, "पोरीची पाळी आली तर?"

"काय करायचं?"

"काही नाही करायचं. जाता येतं. भाच्याला नाही, त्यांच्याकडं एक पोरगी शिकवते, तिला विचारलं होतं मी. शार्क येतो वगैरे सगळ्या थापा. फक्त पोट दुखत असेल तर पोरीनं सांगावं, आणि नको म्हणाली तर होडीत बसून यावं. आयत्या वेळी नको म्हणायची मुभा आहे की नाही, तेसुद्धा त्या दुसऱ्याला विचार. अर्ध्या रस्त्यातून वर आणताना वैतागणारा माणूस पोरांना नको."

कालनिर्णय काकूंनीच उलटला. मेच्या पहिल्या पंधरवड्यात अष्टमी कुठे येते ते बोटानं शोधलं, मागं-पुढं एकेक दिवस धरला.

"आणि त्याच दिवशी परत निघायचं नाही."

"का? दुपारी निघालं की रात्री घरी."

"घाट चढून येणार ना? आंबोली समुद्रापासून सहाशे नव्वद मीटर आहे. पाण्याखाली जाऊन आलं की उंचावर लगेच जायचं नसतं. विमानाचं सांगतात ना, एकदा बुडी मारली तर निदान बारा तास, दोन-तीनदा मारली तर अठरा. सहाशे मीटरवरचा डोंगरही त्याच हिशेबात धरतात. चार मीटरवर पंधरा मिनिटं गेलात तर काही होत नाही म्हणतो भाचा, पण त्याच्याकडची माणसं तो मुक्कामच करायला लावतो. तू पण मुक्काम कर. जेवण आधी नको, नंतर कर. डाइव्हच्या आधी भरपेट थाळी खाल्लीस तर ती माशांना परत द्यावी लागेल."

मी तिथूनच दुसऱ्याला फोन लावला. स्पीकरवर. काकू भिंतीवर हात टेकून ऐकायला सज्ज. माणूस एकास एक द्यायला तयार होता, त्यांच्यातली एक बाईच होती. सराव आधी कमरेएवढ्या पाण्यात. ऑक्सिजन होडीवर. मी भांगाचे दिवस म्हटल्यावर पलीकडून क्षणभर आवाजच आला नाही. मग म्हणाला, "ताई, तुम्ही मालवणच्या काय?"

काकू खूश.

पैसे किती पाठवू विचारलं, तर म्हणाला, "आत्ता नको. मुलीचं नि तुमचं डॉक्टरांचं येऊ दे. दम्याचं डॉक्टर नको म्हणाले तर आम्हीपण नेणार नाही, आधीच सांगून ठेवतो. मग स्नॉर्केलिंग करू, वरूनपण दिसतं." फॉर्मवर अठराच्या आतल्या मुलीसाठी आई किंवा वडिलांची सही लागेल, हेही बजावलं.

फोन ठेवला तेव्हा मुक्ता गच्चीवरून ओरडत होती, "ठरलं काय?" मी वर बघून उद्या डॉक्टरकडे जायचंय एवढंच सांगितलं. तिचं तोंड पडलं. रीलमध्ये डॉक्टर कुठे असतो?

काकूंनी कुरडया उलटायला घेतल्या. "मुक्ताच्या बाबांना रजा नाही म्हणालीस ना? म्हणजे दोघीच."

"दोघीच."

"आणि तू खाली जाणार आहेस हे त्यांना माहीत आहे?"

"त्यांना वाटतंय मी होडीत बसून पिशव्या सांभाळणार."

काकूंचा कुरडया उलटणारा हात तसाच थांबला. "मग आधी पोरीकडून कबूल करून घे, की व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकायचा नाही. आणि इस्त्रीवाल्यासमोर यातलं काही बोलू नकोस."

"तुम्हीपण नका बोलू."

"मी कशाला बोलेन?" काकू म्हणाल्या, आणि देसाई आजोबांच्या भिंतीकडे निघाल्या.